रुमालाखालचं मत

नंदुरबार, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

आज मी व्याह्यांचं बोट मोडलं. भरसभेत, आणि कुणाला दिसलं नाही.

मिरची व्यापाऱ्यांची परिषद सुरतेला भरवायची की जळगावला, एवढाच वाद. सुरतेत विजेचे दिवे, मोठी धर्मशाळा. पण तिथे आम्हांला मागे बसवतात, बोललो की हसतात. “जळगावले काय शे? खाटमा ढेकूण!” व्याही ओरडले. शेवटी मतं घ्यायची ठरली, बाजारात भाव करतो तशी, रुमालाखाली. प्रत्येकाने माझा हात धरायचा. एक बोट दाबलं तर जळगाव, दोन दाबली तर सुरत.

बरोबरी झाली आणि व्याही उरले. त्यांनी दोन बोटं दाबली. मी त्यांचं बोट धरून उलटं वाकवलं, कट्‌ होईपर्यंत. ते ओरडले नाहीत. रुमालाखालचं बाहेर काढायचं नाही, ही आमची रीत. मी म्हणालो, “जळगाव!” टाळ्या पडल्या.

मोजणारा मीच होतो. नुसतं खोटं बोललो असतो तरी भागलं असतं. मग बोट कशाला मोडलं?

जाताना ते हसून म्हणाले, “या बोटले हळद तुमनीच पोर लावी.”

माझी काशी त्यांच्या घरात नांदते. तिला दहा बोटं आहेत.