लेडीज शोचा भूतपट

बाबा,

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायची मला लाज वाटायला हवी. तरी आज दुपारी अमरावतीच्या थिएटरात मी तुमच्यावर चांगलीच चिडले. अकोल्याच्या टॉकीजमध्ये तुम्ही ऑपरेटर होतात तेव्हा तो विहिरीचा भूतपट लागला होता ना, त्याचा दुसरा भाग आलाय, एवढ्या वर्षांनी. वर्तमानपत्रात मी सिनेमाची परीक्षणं लिहिते, त्यामुळे पहिल्याच शोला जाणं भाग होतं. जाताना अर्धं परीक्षण डोक्यात तयारच होतं: जुन्या चित्रपटाने भुताचा चेहरा एकदाही दाखवला नाही, म्हणून तो थोर. तो पुन्हा कुठे बघायला मिळाला नाही, तरी लहानपणीच्या आठवणीवर हे मी आजवर इतक्या ठिकाणी लिहिलंय, इतक्या व्यासपीठांवरून ठणकावून सांगितलंय, की माझं नाव त्यावरच उभं आहे. एकदा दर्यापूरला भाषणानंतर एक गृहस्थ हळूच म्हणाले, "म्या तं पायला होता ब्वा चेहरा." मी त्यांना हसून उडवून लावलं.

बुधवारी दुपारी फक्त बायकांचा शो असायचा आणि आई मला तुमच्या केबिनमध्ये बसवून खाली जायची. मशीनची घरघर, गरम झालेली हवा, तुमचा घामेजलेला बनियन. छोट्या खिडकीतून मी बघतेय. ती बाई कंदील घेऊन दाराशी येते, कडी सरकते, दार हळूहळू उघडतं, आणि चित्र एक हिसका खाऊन थेट सकाळच्या विहिरीवर. मी तुमचा हात घट्ट धरलाय. "काहून भिऊन राहिली?" तुम्ही म्हणता. "त्या दाराआड कोनीच नाही." कोणीच नाही, हेच मला सगळ्यात भयंकर वाटायचं. पुढे कित्येक दिवस घरातलं लोटलेलं दार मी स्वतःहून उघडलं नाही.

नव्या चित्रपटाची सुरुवातच जुन्यातलं ते दृश्य जसंच्या तसं दाखवून होते. कंदील, कडी, दार. मी हिसक्याची वाट बघत राहिले. हिसका बसलाच नाही. दार उघडतच गेलं, आतून एक हात चौकटीवर आला आणि मी डोळे मिटून घेतले. थिएटरभर आवाज उठला, कसला ते मला कळलं नाही. मध्यंतरात बाहेर येऊन आईला फोन लावला आणि तो हिसका कुठे गेला ते विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अवं, पयल्याच बुधवारी एक पोटुशी बाई भुताचं थोबाड पाहून पळाली अन् पायऱ्यांवर पडली. नशिबानं वाचली. तवापासून तुये बाबा लेडीज शोच्या येळी तेवढा तुकडा कापून ठेवत अन् संध्याकायी परत जोडत. तुले मालूम नव्हतं?" नव्हतं, बाबा. जन्मभर मी लोकांना खोटं सांगत आले होते आणि ते तुमच्यामुळे. तिकडे संपादकांचे फोनवर फोन, पान लागायच्या आत मजकूर हवा. पण डोळे मिटून पाहिलेल्या गोष्टीचा निवाडा कसा करणार? मी पुढच्या शोचं तिकीट काढलं. ते दार पुन्हा उघडू लागलं तेव्हा उठून जावंसं वाटलं. नखं तळहातात रुतवली आणि डोळे उघडे ठेवले.

रबराचा मुखवटा होता, बाबा. गळ्याशी त्याची कड सुटलेली दिसत होती. पोरं खदाखदा हसली. दुपारचा आवाजही हसण्याचाच असणार. ज्या चित्रपटाच्या जिवावर मी मोठी झाले तो दिग्दर्शकाने केलाच नव्हता. तो तुम्ही केला होता, केबिनमधल्या कात्रीने, एका बाईला लागलं म्हणून. राग कुठल्या कुठे गेला आणि तुमची फार आठवण आली. नवा चित्रपट टुकारच आहे, दार वाजलं की ढोल बडवतात. परीक्षणात मी लिहून दिलं की हा दुसरा भाग जुन्याच्या जवळपासही येत नाही. उद्या ते छापून येईल. जुना म्हणजे नेमका कोणता, हे मात्र मी लिहिलं नाही.