कापसाच्या गाडीपाशी

आबा, तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली, आणि मला कालच कळलं की त्या वर्षी आपली गव्हाची पेरणी माझ्यामुळं हुकली नव्हती. काल गुलमंडीत चादर घ्यायला गेलो होतो. म्हणजे आधी पतंगाच्या दुकानासमोरच अर्धा तास गेला, ते असू द्या. मग कापड दुकानात शिरलो तर स्टुलावर एक म्हातारे चाचा बसलेले. तालुक्याच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर वजनकाट्याशी असायचे, तेच.

तेव्हा कापूस बाहेर कुणाला विकायला बंदी. सरकारच घेणार, भावही सरकारच ठरवणार, आणि केंद्र उघडं असेल तेव्हाच घेणार. गाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हशीचं बघायला गावाकडं जाता, नंबरची चिठ्ठी माझ्या हातात देता. "बैलांना दावं हाय, तुला काय बांधू?" म्हणता. शेजारचे गाडीवाले हसतात. मी अठराचा, मिशी फुटलेली, मला राग येतो. तरी दुपारी मी उठतोच. रस्त्यापलीकडं एकजण ट्रॅक्टरचं इंजिन खोलून बसलाय, त्याच्यापाशी जाऊन बसतो. परत आलो तर आपला नंबर पुकारून गेलेला. संध्याकाळी केंद्र बंद झालं ते आठ दिवस. रांग सोडावी तर पुन्हा शेवटी उभं राहायचं, म्हणून आपण आणि बैल तिथंच अडकलो. तिकडं वावरातली ओल उडाली, गहू राहिला तो राहिलाच. तुम्ही मारलं नाही. "एका जागी टेकायचं, एवढंच काम व्हतं तुला," म्हणालात. त्यानंतर मी कुठंच टेकलो नाही. वाळूजलाच तीन कंपन्या सोडल्या.

हे सगळं चाचांना सांगितलं तर ते हसायला लागले. "अरे बेटा, उस दिन काटा चलाच नै." मग मराठीत म्हणाले, "गोदाम भरलं व्हतं. वरून सकाळीच बंदचा हुकूम आलेला. तसं सांगितलं असतं तर लोकांनी आम्हाला सोडलं असतं व्हय? म्हणून नुसते नंबर पुकारीत बसलो. आत घेतलेल्या गाड्या दिवस मावळल्यावर मागच्या फाटकानं भरल्या तशाच बाहेर काढल्या."

"म्हंजे मी गाडीपाशी असतो तरी?"

"तरी काय? बैल आत नेले असते, बैल बाहेर आणले असते."

चादर न घेताच निघालो. बस समोरून जात होत्या, तरी स्टेशनपर्यंत चालत गेलो. लई हलकं वाटलं, आबा. तुम्ही असता तर तसाच गावाकडं आलो असतो सांगायला. तुम्ही मात्र मलाच दोषी धरून गेलात, एवढं खुपतं.

आता एक राहिलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणूनच लिहितो. नंबर ऐकूच आला नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. केंद्राचा भोंगा त्या ट्रॅक्टरपर्यंत चांगला ऐकू येत होता. आपला नंबर दोनदा पुकारला. दोन्ही वेळा मी ऐकला, आणि इंजिन सुरू होतंय का ते बघत बसलो.