भक्तीच्या स्ट्रेटनरवर वळलेली दोरी

तारकर्ली,
ऋषिपंचमी होऊन आठवा दिवस
(तारीख सांगता येत नाही. कॅलेंडर खिळ्याला असं बांधलं गेलं आहे की त्याचं पान उलटत नाही. आमच्याकडे अजून जुलैच चालू आहे.)

तीर्थरूप वन्संच्या चरणी आनंदीचा वाकून नमस्कार. (चरणी म्हणताना जरा जपूनच म्हणते, एकाचा गुडघा अजून नवा आहे.) टाके सुकले का? जिना चढता येतो का? अण्णांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. तुम्ही यंदा चतुर्थीला आला नाहीत, तर सगळ्या वाडीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मलाही झालं, पण पाचव्या दिवशी संध्याकाळी तुमच्या त्या डॉक्टरांचे मी मनातल्या मनात आभार मानले. ते दृश्य तुम्ही पाहिलं असतं, तर जुना गुडघासुद्धा हातात घेऊन माझ्या अंगावर धावून आला असतात.

फोन न करता पत्र का, असं म्हणाल. फोनवर बोलायचं तर तुमचे बंधू पलीकडच्या खोलीत बसून, आपलं लक्षच नाही असा चेहरा करून, शब्दन् शब्द ऐकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर तुमचा नातू आधी वाचतो आणि खाली अंगठा दाखवतो. आणि मला आलेला राग एका बोटाने टाइप होण्यातला नाही.

विषय तुम्हांला ठाऊकच आहे. अण्णांनी यांच्यासाठी डोंबिवलीच्या त्या कारखान्यात खोकी बांधायच्या पट्ट्या बनवण्याच्या खात्यावर देखरेखीची जागा धरून ठेवली आहे, तुम्ही आतली खोली रिकामी केली आहे, आणि महिनाअखेरपर्यंत होय की नाही ते कळवायचं आहे. मी विचारलं, जाणार का? तर उत्तर, "तू म्हणशीत तसा." तीस वर्षांच्या संसारात मी म्हटलं तसं एकदाही झालेलं नाही, आणि नेमकं याच वेळी सगळं माझ्या गळ्यात. तर मी आता म्हणते, आणि का म्हणते तेही सविस्तर सांगते. न्यायनिवाडा तुम्ही करा. (भावाच्या बाजूने कराल, हे गृहीत धरलं आहे.)

अंबरनाथचा धाग्याचा कारखाना बंद पडून हे घरी आले त्याला चार वर्षं झाली. पहिली तीन वर्षं माणूस सुतासारखा सरळ होता. माझ्या दोन खोल्यांत पर्यटक उतरायचे, हे त्यांना सिंधुदुर्ग किल्ला दाखवून आणायचे, मी सोलकढी वाढायची. गेल्या मे महिन्यात तोंडवलीच्या किनाऱ्यावर फिरायला म्हणून गेले आणि येताना समुद्राने बाहेर टाकलेली फाटकी जाळी, निळे दोर आणि सिमेंटच्या गोणी असा ढीग टेम्पोतून घेऊन आले. मला वाटलं, किनारा साफ करतायत, पुण्य आहे. पुण्य नव्हतं. डोकं फिरलं होतं.

कल्पना अशी (मला ती इतक्यांदा ऐकावी लागली आहे की मी झोपेत सांगेन): निळ्या दोराचं प्लास्टिक लवकर वितळतं. जाळ्याचं नायलॉन उशिरा वितळतं. दोन्हींचे धागे एकत्र पिळायचे आणि मधल्या आचेवर शेकायचे. निळा वितळून डिंकासारखा चिकटतो, नायलॉन जसाच्या तसा राहतो, आणि दोन्ही मिळून अशी दोरी होते की तिचे पदर सुटत नाहीत, ती भिजत नाही, घसरत नाही. "संसारासारखाच गो," हे वर मला ऐकवतात, "एकान वितळूचा, एकान ताठ ऱ्हंवचा." कोणी वितळायचं, ते मी विचारलं नाही. चार वर्षं चुलीपुढे कोण उभं आहे, ते दिसतंच आहे.

पिळायला मिक्सरची मोटर घेतली. (चटणी तेव्हापासून पाट्यावर.) शेकायला पहिल्यांदा माझा आंबोळ्यांचा तवा घेतला, मला न विचारता, आणि नीट न घासता परत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका कुटुंबाला नाश्त्याला आंबोळ्या दिल्या. त्या बाईंनी जाताना हसून नमस्कार केला आणि घरी पोचल्यावर इंटरनेटवर आमच्या नावापुढे एक तारा देऊन लिहिलं, "आंबोळीत निळी दोरी निघाली. दातांनीसुद्धा तुटली नाही." मी दोन दिवस जेवले नाही. तुमच्या बंधूंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, "पहिली चाचणी समाधानकारक."

तव्यावर मी बसून राहिले म्हटल्यावर यांची नजर भक्तीच्या केस सरळ करायच्या यंत्रावर गेली. दोन गरम पट्ट्या, मध्ये केस धरायचे आणि ओढत न्यायचं, आणि वर आच कमीजास्त करायची चकती. भक्तीने कुडाळच्या आपल्या पहिल्या पगारातून घेतलेलं ते यंत्र. शनिवारी पोर घरी आली तर बाप अंगणात माडाखाली खुर्ची टाकून त्या दोन पट्ट्यांमधून हात-हात निळी दोरी ओढतोय. "बाबा, तो माझो स्ट्रेटनर आसा!" ती किंचाळली. हे वर न बघता म्हणाले, "केस काय, आपसूक सरळ होतत. दोरयेक एकशे सत्तर डिग्री लागता." पोर तेव्हापासून कुरळ्या केसांनी नोकरीला जाते.

पण दोरी झाली, वन्सं. खोटं कशाला बोलू, झाली. आणि तिथूनच माझे भोग सुरू झाले. कारण नुसती गाठ मारून यांचं समाधान होईना. मारलेल्या गाठीलाही ते यंत्राचा चिमटा लावत, म्हणजे ती आतल्या आत वितळून एकजीव होई. त्यानंतर ती गाठ म्हणायची नाही, दगड म्हणायचा. महिन्याभरात घरातली प्रत्येक सुटी वस्तू दुसऱ्या कशाला तरी जन्माची बांधली गेली. केरसुणी खिळ्याला. विहिरीची बादली रहाटाला. फाटक खांबाला. आठ दिवस मासळीवाली गडग्यावरून चढून आत येत होती आणि तेवढ्या श्रमाचे बांगड्यांवर जास्त लावत होती.

आता माटवीचं. तुम्हांला काय सांगायचं, पण रागाच्या भरात सगळं सुरुवातीपासून सांगितलं की जीव हलका होतो. आपल्या गणपतीवर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं असे घोस, तवशासारख्या मोठाल्या काकड्या, चिबूड, पडवळ, कवंडळाची रानफळं असं सगळं बांधतात. दरवर्षी रानातल्या सालीच्या दोराने. आणि सासूबाईंचा दंडक असा की देव उठायच्या आधी मधला नारळ घरच्या पुरुषाने हाताने सोडायचा आणि देवाबरोबर द्यायचा. माटवीच्या कुठल्याही गाठीला कोयती, कात्री, सुरी लावायची नाही. ज्या वर्षी येत नाही त्या वर्षी तुम्ही विसर्जनाला डोंबिवलीहून फोन करून हेच विचारता. (यंदा फोन लागला नाही तो नेटवर्कमुळे नव्हे. मी बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला होता.)

यंदा तुमच्या बंधूंनी माटवी एकट्याने बांधली. मला माजघरात फिरकू दिलं नाही. मी कौतुकाने म्हटलं, देवाचं तरी मनापासून करतात. पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली, महादू बुवा पखवाज गळ्यात अडकवून तयार, देव डोक्यावर घ्यायला बाबू तांडेल तयार (किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्यावरचा मुख्य, नव्वद किलो, टॉवेलाची चुंबळ करून उभा), आणि हे स्टुलावर चढून नारळ सोडायला लागले. सुटेना. नखं लावली. दात लावले. मी खालून निरखून बघितलं. निळी दोरी. त्या एका नारळाला त्रेसष्ट गाठी. प्रत्येक गाठीला चिमटा.

"गरम केली काय सुटतली," हे स्टुलावरून म्हणाले, जसा काही देव इस्त्रीला टाकलाय. भक्ती धावत यंत्र घेऊन आली, बटण दाबलं, आणि वन्सं, त्याच क्षणी लाइट गेली. नाक्यावरचा ट्रान्स्फॉर्मर उडाला होता. इन्व्हर्टर विचाराल, तर त्याची बॅटरी जुलैतच मिक्सरच्या मोटरीने खाल्ली. कोणी म्हणालं मेणबत्ती लावा. हे ओरडले, ज्योतीवर सगळंच वितळेल आणि देवाच्या मुकुटावर ठिबकेल. मग बाबू तांडेल पुढे झाला. म्हणाला, बघूया तर खरं, आणि देवासमोर, माझ्या डोळ्यांदेखत, उडी मारून त्या नारळाच्या पेंडीला लटकला. नव्वद किलो! वासा करकरला, कौलांतून माती पडली, एक तवसं बुवांच्या टाळूवर आपटलं (देठातून तुटलं, दोरीतून नव्हे). दोरी जशीच्या तशी. बाबू लटकल्या लटकल्या खाली बघून काय म्हणतो? "सत्यवाना, माका व्हयी रे ही दोरी. पन्नास वाव." देव निघायचा खोळंबलाय आणि हा माटवीला लोंबकळत रापणीसाठी तीनशे फूट दोराचं मागणं नोंदवतोय!

मी कोयती आणायला आत गेले होते, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण महादू बुवांनी पखवाज खाली ठेवला आणि निकाल दिला, "देवाकच जावचा नाय आसा. तुमी कित्याक घालवतास?" झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाचाचे सात दिवस झाले. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाच दिवसांचा गणपती, तिथे दोन दिवस देव आमच्या घरी नुसता अडकून, आणि अडकलेल्या देवाला बघायला देवबागपासून माणसं. काळ्या वाटाण्यांची उसळ मी दोन दिवसांत किती वेळा शिजत घातली ते चुलीला विचारा. चुलीपाशी कोण उभं होतं, हे एकाने तरी विचारलं का? सगळे मान वर करून गाठी बघत होते. जो तो यांच्या पाठीवर थाप मारत होता, आणि हे, देवाला कोंडून ठेवणारे, लाजून हसत होते.

सातव्या दिवशी लाइट आली. हे स्टुलावर, हातात स्ट्रेटनर, एकेक गाठ चिमट्यात धरून, फुंकर घालून, बोटांनी उकलत होते. खाली सगळी वाडी श्वास रोखून. तीन तास लागले. पण लोखंडाचं पातं लागलं नाही, वन्सं, सासूबाईंच्या शपथेवर सांगते. मग बुवांनी गाऱ्हाणं घातलं. तेही ऐका. "बा देवा म्हाराजा, ह्या सत्यवानान दोरी वळल्यान ती अशीच घट ऱ्हंवदे, आणि तेच्या बायलेचो राग तितकोच ढिलो पडांदे रे म्हाराजा!" आणि सगळी वाडी एका सुरात, "व्हय म्हाराजा!" माझ्याही तोंडून निघून गेलं (सवय, दुसरं काय).

असो. माझं म्हणणं एवढंच की हा माणूस तुमचा आहे, तो तुम्ही घेऊन जा. डोंबिवलीत त्यांना बांधायला हव्या तितक्या पट्ट्या आहेत आणि तुमच्या घरी माटवी नाही. कळवा, म्हणजे तिकीट काढते. अण्णांना नमस्कार, नातवाला (तो हे वाचत नसेल तर) आशीर्वाद.

तुमची,
आनंदी

ता. क. पट्ट्यांच्या कारखान्यात यांना गाठी मारायला लावू नका, एवढं अण्णांना सांगून ठेवा. आणि यांना रात्री दूध लागतं, साखर न घालता. मागणार नाहीत. द्यावं लागतं.

ता. क. दुसरा. वरचं सगळं परवाच लिहून झालं होतं, पाकीट नव्हतं म्हणून राहिलं. दरम्यान बाबू तांडेल येऊन गेला. हे किनाऱ्यावर होते. पन्नास वाव कधी मिळेल, असं त्याने विचारलं, आणि मी दिवाळी सांगून बसले. का सांगितलं ते मला विचारू नका. त्याने चहा घेतला आणि गेला.

ता. क. तिसरा (हा एकट्याने वाचा). अण्णांना सांगून ती जागा दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका, आणि तुम्ही स्वतः यांना फोन करून कळवा की भरली. माझं नाव मध्ये येता कामा नये. 'जाऊ नका' असं मी म्हटलं, हे यांना कळलं तर पुढची वीस वर्षं मला ते दर जेवणाला ऐकावं लागेल. सकाळी दहाच्या आत करा, आणि आवाजात थोडं वाईट वाटल्यासारखं आणा. त्यांना फार लागेल, ही भीती बाळगू नका. काल विचारत होते, "अक्काक कळवलंस?" मी म्हटलं, लिहिलंय. तसेच उठले. अंगणात जाऊन बसले, समोर धाग्यांचा ढीग, हात मांडीवर. वन्सं, दोन दिवस झाले, या घरात एकही वस्तू वितळलेली नाही. मला ते काही ठीक दिसत नाही. फोन लवकर करा.