उकळते पाणी कोणी ओतले

१ मार्च, रविवार

धाकटा भाऊ चि. वसंत याने आज सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले : 'दादाने या वयात हौसेपायी दातांना प्लास्टिक लावलं, स्वताच उकळत्या पाण्यात घातलं आन एकादशीच्या दिवशी आक्काला उपाशी घराबाहेर काढलं.' एका वाक्यात चार विधाने, चारही असत्य. शुद्धलेखनाविषयी मौन पाळतो. कनेरगाव नाक्यावर बसून हिंगोलीतल्या माझ्या स्वयंपाकघराचे वर्तमान लिहिणारा हा कोण?

हौस नव्हे. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढले होते. फटींत ब्रश पोहोचेना, अन्न अडके, हिरडी रक्ताळे. मधला दात हलू लागला. डॉक्टरीणबाईंनी आधी हिरड्यांवर उपचार केले. मग म्हणाल्या, "सर, दात ओळीत आले तरच नीट घासता येतील. न्हाई तर हा जाईल." तो दात राहावा, एवढ्यासाठी दातांवर बसणारी ही पारदर्शक प्लास्टिकची खोळ, अलाइनर. खाताना काढायची. दात घासून, फटींतून बारीक ब्रश फिरवून मगच पुन्हा चढवायची. ती स्वतः थंड पाण्याने, मऊ ब्रशने धुवायची. मी एकदाही चुकलो नाही.

थोरली बहीण आक्का राहायला आली आणि अलाइनरची डबी ओट्यावरून मोरीत गेली. "तोंडातली वस्तू ओट्यावर? खरकटं न्हाई का ते?" हिरडी जरा लाल दिसली तेव्हा नव्या हळदीत मीठ-तेल कालवून तिने स्वतःच्या बोटाने चोळली. सत्तरी उलटली तरी थोरल्या बहिणीचे बोट तोंडातून कसे झटकावे? चूळ भरून अलाइनर चढवली. संध्याकाळी ती पिवळीजर्द.

दोन दिवसांनी अलाइनर डबीत ठेवून मी स्नानाला गेलो असताना तिने अलाइनरवर आधणाचे पाणी ओतले. "दुधाचं भांडं काय थंड पाण्यानं निघतं?" पिवळेपणा तसाच राहिला. आकार मात्र गेला. मी ती तशीच दाबून बसवली, रात्रभर ठेवली. सकाळी हिरडी सोललेली.

२ मार्च

दवाखाना. डॉ. बाईंनी वाकडी अलाइनर उजेडात धरून उलटसुलट पाहिली. मग, "सर, ही उकळली काहून?"

मी म्हणालो, "घरात उकळली गेली." बहिणीचे नाव परक्यापुढे घेतले नाही. हे वसंताला ठाऊक असण्याचे कारण नाही.

याआधीच्या टप्प्याची अलाइनर मी धुऊन, कोरडी करून जपली होती. तीच तूर्त वापरायची. हिरडी बरी झाली नाही व दात अधिक हलला, तर काढावा लागेल. तपासणी १६ला. "सर, तुमच्यासारखी स्वच्छता माझी कॉलेजची पोरंबी ठेवत न्हाईत," असे त्या म्हणाल्या. या प्रशस्तिपत्राचा दाताला काय उपयोग?

६ मार्च

आमच्या जिल्ह्यातले गोरेगाव. मारोतरावांकडे. पन्नास वर्षांची मैत्री. चहाला नकार दिला तर चेहरा पडला. "सर, आमचं काही चुकलं का?" तेव्हा अंगणात जाऊन अलाइनर काढली, डबीत ठेवली, चहा घेतला, पुन्हा अंगणात जाऊन दात घासले. परतलो तो मारोतराव सुनेला सांगत होते, "सरानं कवळी बसवली, पन लई झकास बसवली. कळूनच न्हाई राहिली."

कवळी नव्हे, हे समजावण्यात जीप चुकली. उद्यापर्यंत तालुकाभर कवळी होईल.

हिरडी अजून दुखते. दातावर जीभ टेकवीत नाही.

९ मार्च

आक्काचा फोन, वसंताच्या घरून.

"वसंताला मी तसं सांगितलं न्हाई रे. मी म्हणाले, त्याच्यावर पाणी पडलं. कोणी टाकलं ते त्यानं इचारलंच न्हाई."

"मग आता गटावर तू सांग."

"मला लिवता येत न्हाई त्याच्यात."

"बोलून पाठवता येते."

मागे वसंताच्या टीव्हीचा आवाज. "तू त्या दिवशी मला कसं बोललास ते आठव."

मी म्हणालो होतो, 'विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, हे तूच मला शिकवलेस.' यात अनुचित एक शब्द दाखवावा. तिने त्यावर पिशवी भरली.

"दात कसा हाय?" तिने विचारले. मी फोन ठेवला. संताप अजून उतरला नाही. तिने चोळलेली हळद जिभेवरून गेली, त्या वाकड्या अलाइनरवरून जात नाही.

१३ मार्च

वसंताचा नवा मजकूर : दादाचा दात पडला, आक्का रडून राहिली. गटावर उत्तर देणार नाही. येथे तरी नोंद शुद्ध असावी.

२२ फेब्रु. – आक्का आली. वसंत 'शिवरात्रीला' म्हणतो, चूक.

२५ फेब्रु. – हळद. माझ्या तोंडात, तिच्या बोटाने.

२७ फेब्रु., एकादशी – उकळते पाणी. आक्काने ओतले. त्या दिवशी कोणीही घराबाहेर पडले नाही.

२८ फेब्रु., द्वादशी – पारणे फेडून, दोन वेळा वरण-भात घेऊन आक्का स्वतः वसंताकडे जायला एसटीत बसली. पिशवी मी धरली होती. तिने ती ओढून घेतली.

१३ मार्च – दात पडलेला नाही. आज सायंकाळी घासला. हलतो, पण आहे.

१६ मार्च – तपासणी. पुढे कोरे. आक्काला कळवायचे की नाही, तेही कोरे.