मामा, डोंगरात तुमीच होते

वाशिम, बुधवार

आदरणीय देवमनमामा,

तुमाले आन लिलामामीले तुमच्या संघपालचा मनापासून जयभीम. तुमची शुगर ताब्यात असंल, मामीचे गुडघे चालू असतील (तोंड तं चालूच असंल), अशी आशा हाय. आमी दोघं धडधाकट हाओत, आन कसे धडधाकट राह्यलो तेच सांगाले लिहून राह्यलो. फोन तुमची भाचसून सरिता स्पीकरवर टाकते, मनून पत्र.

रविवारी तिले घेऊन इथल्या मालेगावच्या पुढच्या जंगलात, डोंगरावर गेलो. गाडी खाली रस्त्यावर लावली. वाट मले पाठ हाय, असं छाती ठोकून सांगतलं होतं (मोबाइलवर कोनाचा तरी व्हिडिओ पाह्यला होता). वर दशम्या खाल्ल्या, फोटो काढले, आन उतरतानी वाटच गायब! जिकडं पाहा तिकडं साग. फिरून फिरून आमी एकाच वारुळापाशी येऊ लागलो, तवा सरितानं वाट दाखवाचं काम माह्याकडून काढून घेतलं. ऊन कललं. मंग पाखरंही एकाएकी चूप झाले, वर्गात हेडमास्तर शिरल्यावानी.

तेवढ्यात खालून तुमची हाक आली. "संघ्या, इकडं ये बे! डाव्या हातानं उतर!"

मामा, आवाज तुमचाच. झाडाआड तुमचा पांढरा सदराही दिसला. सरिता तं "मामाजी, थांबा ना!" मनत धावलीच. तुमी थांबले नाही, वळूनही पाह्यलं नाही, फक्त मधामधात हाक देत पुढं पुढं गेले. मी तिचा हात धरून मागं (ती पडू नये मनून धरला, ती सांगते का मीच पडत होतो). आन समोर एकदम डांबरी रस्ता, आपली गाडी. तुमी कुठंच नाही.

ती हापशीवर तोंड धुवाले गेली, तवा मी मामीले फोन लावला. मामी मने, "ते कायले येतील तिकडं? दुपारपासून हितं कामरगावातच बाजेवर घोरून राह्यले." त्यावर मी गाडीले तीनदा किक मारली, तेही चाबी न लावता. वाशिमपर्यंत गाडी सरितानं चालवली.

तुमचा भाचा,
संघपाल

ता. क. : मामीचं बोलनं मी सरिताले सांगतलं नाही. माही रातपाळी असते, ती घरी एकटी राह्यते. येत्या रविवारी ती तुमचे आभार मानाले येऊन राह्यली. तिले एवढंच मनजा, का हो पोरी, मीच होतो.

ता. क. दुसरा : एक कारनही सोचून ठेवजा. काल जेवतानी तिनं इचारलं, सागाचा वाळला पाचोळा आपल्या पायाखाली पापडावानी मोडत होता, मंग मामाजीच्या पायाचा आवाज काहून येत नोता? मी मनलं, मामाले जंगलात चालाची सवय हाय. तिले पटलं. मले अजून पटून नाही राह्यलं.