लॅमिनेट केलेला दाखला

डार्विन, ३ ऑगस्ट

ती. मानोंग एल्मो,

आपल्या रीतीने तुझा हात कपाळाला लावून सा. न. वि. वि. इतके महिने पत्र नाही, माफ कर. काम झालं की लिहीन म्हणत होते. ते झालं नाही.

फिलिपिन्सच्या वकिलातीचे लोक वर्षातून एकदाच इथे येतात. शनिवारी चर्चच्या सभागृहात आपल्या माणसांची ही रांग. नागरिकत्व परत घ्यायचं, शपथ घ्यायची, म्हणून मी आईने शिवलेला पांढरा ब्लाऊज घातला होता. टेबलापलीकडच्या बाईंनी माझा जन्मदाखला उलटापालटा केला आणि विचारलं, याला प्लास्टिकात कुणी घातलं. लॅमिनेट केलेला कागद त्यांना चालत नाही. मी म्हणाले, माझ्या मानोंगने, थोरल्या भावाने. त्या म्हणाल्या, असे प्रेमळ भाऊ आज बऱ्याच जणांना निघाले. मागची रांग हसली. मला हसू आलं नाही.

माझी तालिया नऊ नोव्हेंबरला अठरा पूर्ण करते. त्याआधी माझी शपथ झाली तरच माझ्याबरोबर तीही फिलिपिनो ठरेल, नंतर नाही. तिला पुढच्या वर्षी तुमच्याकडे राहून शिकायचंय. आजीच्या घरात परदेशी म्हणून मुक्काम वाढवून मागत बसायचं, हे तिला पटत नाही. सिडनीत वीस ऑक्टोबरची वेळ मिळाली आहे. नवा दाखला काढून पाठव, आणि त्याला काही करू नकोस.

ज्याने कागद जपला त्याच्यावर रागवायचा मला काय हक्क, असं मनात येतं. तरी रागावले आहे.

तुझी,
ग्लेंडा


कापिझ, ३० ऑगस्ट

चि. ग्लेंडा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, राग गाळून. तिने विचारलं, पत्र एवढंसंच कसं.

पुरात आपल्या घरातल्या कागदांचा लगदा झाला होता, आठवतं ना? तेव्हापासून हाती येईल तो कागद मी चौकातल्या दुकानात नेतो. तुझी वहिनी म्हणते, एकदा स्वतःलाही लॅमिनेट करून घ्या. नवा दाखला घेऊन त्याच दुकानावरून येत होतो, तर दुकानदाराने हाक मारली, आज काही नाही का मानोंग. मान खाली घालून पुढे गेलो.

आई म्हणते, शपथ कसली, ती माझ्या पोटी आली तेव्हा कुणी मागितली नव्हती. पण नात येणार म्हणून मागची खोली आतापासून झाडून ठेवलीय.

नुसता कागद पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून दाखला खोक्यात ठेवलाय. सोबत आईने लसूण चोळून वाळवलेलं डुकराचं मांस आहे. हात थरथरतात तिचे, पण आम्हाला जवळ फिरकू दिलं नाही.

लोभ आहेच, राग तेवढा आवर.

तुझा मानोंग


डार्विन, ८ ऑक्टोबर

ती. मानोंग,

सा. न. वि. वि. खोकं आलं, म्हणजे या देशाच्या दारापर्यंत आलं. बाहेरचं मांस इथे येऊ देत नाहीत. हे मी तुला कधी बजावलं होतं का, आठवत नाही. पण जन्मदाखल्याबरोबर कुणी मांस पाठवील, हे माझ्या डोक्यात तरी कसं यावं?

तिथल्या तपासणीच्या माणसाला फोनवर सांगितलं, त्यात माझा दाखला आहे. तो सभ्यपणे म्हणाला, कागद देऊ, मांस जाळू, त्याला तुमची लेखी संमती हवी. नाहीतर सगळंच परत जाईल. परत गेलं तर सिडनीची वेळ हुकली, आणि तालियाचंही संपलं. मी उद्या कळवते म्हणाले. तालिया म्हणाली, ममा, यात विचार कसला करतेस. तिचं बरोबर आहे. पण आईच्या हातचं जाळायला आधी सही द्यायची आणि मग तिच्या देशाची शपथ घ्यायची, हे मला गिळवत नाही.

आईला सांग, सगळं पोचलं, सगळ्यांनी मिळून खाल्लं, लसूण मात्र जरा जास्त झाला होता. नुसतं कौतुक सांगितलंस तर तिला खरं वाटणार नाही.

माया असू दे, आणि पुढच्या वेळी फक्त कागद पाठव.

तुझी,
ग्लेंडा

ता. क. उद्याचं काम: संमतीवर सही करणे.