गोळी घेतल्यावर देवाला शिवावं का?

सोमवार, संध्याकाळ

सकाळी उपाशीपोटी थायरॉईडसाठी ती किरणोत्सारी आयोडीनची गोळी घेतली. आता काही दिवस ताट वेगळं, पाणी भरपूर, आणि गरोदर बाया, लहान मुलं यांच्यापासून लांब. मुलगी बाळंतपणाला आलेली, म्हणून मी बाहेरच्या खोलीत, देवघराशेजारी.

बायको हसून म्हणाली, "अवो, आता तुमाले कावळा शिवला!"

पण मग पूजा? आमच्यात वेगळं बसलेलं माणूस देवाला शिवत नाही. दुपारभर हेच डोक्यात. शेवटी डॉक्टरांना फोन केला.

"देव काय गरोदर आहे, का लहान लेकरू आहे?" ते म्हणाले.

लहान! रांगता बाळकृष्ण आहे की आमचा. बायकोकडून त्याला मुलीच्या खोलीत हलवलं. बाकीचे देव वयानं मोठे. त्यांच्यापुढे आत्ताच दिवा लावला.